हापूसच्या गिऱ्हाईकांची यादी प्लॉटवाल्याला द्यायची का?

या वेळचं पत्र देवगडकडून आलंय. थोडं कापून देतेय, जिच्यामुळे ओळख लागेल अशी माहिती काढून टाकलीय.

"ताई नमस्कार. मी २०१९ पासून एका आंबा बागायतदारांच्या ऑफिसात काम करते, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. वेबसाइटवरच्या ऑर्डरी, पेमेंट, कुरिअर, व्हॉट्सअ‍ॅप सगळं मीच बघते. काकांचे एक मित्र इकडे प्लॉटिंग करतात, मुंबई-पुण्याच्या लोकांना सी-व्ह्यू प्लॉट विकतात. त्यांना आमच्या गिऱ्हाईकांची यादी पाहिजे, नाव नंबर पत्ता आणि कोणी किती पेट्या घेतल्या ते पण. काका म्हणाले एक्सेल काढून मेल कर, त्यात काय एवढं, नंबरच तर आहेत. मी आज करते उद्या करते म्हणून ढकलतेय. मला ते बरोबर वाटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाही. काका माणूस वाईट नाहीत हो, लॉकडाऊनमध्ये पण पगार थांबवला नव्हता त्यांनी. दुसरं म्हणजे आमच्याकडे सगळ्यांना एकच पासवर्ड आहे. आधी जो मुलगा होता तो आता दुसऱ्या बागायतदाराकडे गेलाय, त्याला पण तो माहीत असणार. काय करू?"

बाय गो, यादी पाठवू नकोस. ढकलत राहिलीस ते बरंच केलंस, पण ढकलून विषय संपणार नाही, काका परत विचारणारच, म्हणून त्यांच्याशी काय बोलायचं ते पण खाली सांगते.

का बरोबर वाटत नाहीये ते सांगता येत नाही म्हणालीस ना, तर ते एक्सेल उघड आणि त्यातली फक्त एक ओळ वाच. नाव, दादरच्या नाहीतर कोथरूडच्या सोसायटीचा पत्ता विंग आणि मजल्यासकट, दोन मोबाइल नंबर, दरवर्षी किती पेट्या आणि किती पैसे. आणि शेवटी तो सूचनांचा रकाना, ज्यात गिऱ्हाईक स्वतः लिहितं किंवा तुम्ही फोनवर ऐकून टाकता. दुपारी आई एकट्याच असतात बेल दोनदा वाजवा, १० मेनंतर पाठवू नका आम्ही गावी असू, वडिलांना शुगर आहे एकच डझन द्या, असलं सगळं त्यात असतं. म्हणजे घरात म्हातारं माणूस एकटं कधी असतं, घर बंद कधी असतं, कोणाची ऐपत किती, कोणाला काय आजार आहे, हे सगळं एका ओळीत. काका म्हणतात नंबरच तर आहेत, पण तुझ्या मनाला जे टोचतंय ना ते हे आहे, कारण तू ते रकाने रोज भरतेस आणि काकांनी ते एक्सेल बहुतेक कधी शेवटपर्यंत सरकवून बघितलेलंच नसणार.

आता प्लॉटवाले मित्र वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी त्यांना ओळखत नाही. पण ते स्वतः बसून हजारो फोन करणार नाहीत, ते यादी कॉलिंगवाल्या मुलांना देणार नाहीतर एजन्सीला देणार, एजन्सीकडे कॉपी राहणार, तिथला कोणीतरी नोकरी सोडताना ती पेनड्राइव्हवर नेणार. एकदा मेलने गेलेली फाइल परत मागता येत नाही, आणि तिच्या किती कॉप्या झाल्या हे काकांना पण कळणार नाही आणि मित्रांना पण नाही. मग एखाद्या बाईंना फोन येतो की तुम्ही देवगडहून दोन पेट्या मागवल्यात ना, पार्सल अडकलंय, पत्ता कन्फर्म करायला पाच रुपये भरा, लिंक पाठवतो. नाव बरोबर, पेट्या बरोबर, गाव बरोबर, मग ती बाई का नाही विश्वास ठेवणार? असे फसवणारे लोक जी माहिती मिळवायला धडपडतात ती सगळी तुमच्या त्या फाइलीत आयती आहे.

आणि अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या यादीतले बरेच लोक तुमचे गिऱ्हाईक पण नाहीत. हापूसची पेटी लोक भेट म्हणून पाठवतात, मुलगी आईला पाठवते, जावई सासऱ्यांना पाठवतो, आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्या तर त्यांच्या क्लायंटची अख्खी लिस्ट तुम्हाला पाठवतात की या सगळ्यांना एकेक पेटी पोचवा. त्या माणसांनी तुमची वेबसाइट कधी उघडलेली नाही, कुठे टिक केलेलं नाही, त्यांना काका कोण ते माहीत नाही. त्यांचा पत्ता दुसऱ्याने तुम्हाला दिलाय तो फक्त पेटी पोचावी म्हणून. आणि उद्या त्या कंपनीच्या क्लायंटला प्लॉटचे फोन सुरू झाले आणि ते देवगडपर्यंत मागे गेलं, तर पुढच्या सीझनला ती ऑर्डर येणार नाही. काकांच्या धंद्यात अशी एक ऑर्डर म्हणजे किती घरगुती गिऱ्हाईकं झाली ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

लोकांना कळणार कसं, असं काका म्हणतील. कळतं. तुमच्याकडे ऑर्डर घेताना कोणाचं आडनाव चुकीचं टाइप झालं असेल तर प्लॉटवाल्याचा फोन त्याच चुकीच्या आडनावाने येतो, आणि माणसाच्या लगेच लक्षात येतं की हे नाव फक्त आंब्याच्या पेटीवर होतं. काही लोक तर मुद्दाम जीमेलच्या पत्त्यात अधिक चिन्ह टाकून पुढे दुकानाचं नाव लिहितात, मेल त्यांच्याच इनबॉक्सला येतो पण पत्ता कोणी फोडला ते समजतं.

इकडे मे महिना संपवून परत जाताना चाकरमानी बंद घराची चावी शेजारी ठेवून जातात, पावसात कौलं बघा, पाणी गळतंय का बघा म्हणून. त्या चावीने शेजाऱ्याने दुसऱ्या कोणाला घर दाखवायला नेलं तर गावात त्याला काय म्हणतील? यादीचं अगदी तसंच आहे, ती काकांच्या कॉम्प्युटरवर आहे म्हणून काकांची होत नाही, ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती ती त्यांच्याकडे आहे.

आणि कायद्याने पण हेच सांगितलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, आणि मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि धंदेवाल्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी सुरू, म्हणजे मे २०२७ मध्ये, ऐन तुमच्या सीझनात. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, दुसऱ्या कामासाठी पाहिजे तर वेगळी स्पष्ट परवानगी घ्यायची, काम संपलं की पुसायची, सुरक्षित ठेवायची, आणि फुटली तर ज्यांची आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं. वाजवी सुरक्षा ठेवली नाही म्हणून डेटा फुटला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा काकांना सांगू नकोस असं मी म्हणेन, कारण तो ऐकला की त्यांना वाटेल हा कायदा बँका आणि मोठ्या कंपन्यांचा आहे, आपला नाही. तो आपला पण आहे. त्यात अमुक इतकी उलाढाल असेल तरच लागू असं काही नाही, आणि तुमची वेबसाइट ज्याने बनवली किंवा जो कुरिअरचं सॉफ्टवेअर चालवतो त्याच्याकडून काही फुटलं तरी जबाबदार काकाच. कागदाच्या वहीला हा कायदा लागत नाही, पण वहीतलं एक्सेलमध्ये चढवलंत की लागतो.

मे २०२७ पर्यंत मोकळं रान आहे असंही नाही. आयटी अ‍ॅक्टमध्ये ७२अ कलम आहे. काम करताना कराराने हातात आलेली कोणाची वैयक्तिक माहिती त्याच्या संमतीशिवाय, कोणाचा गैरफायदा किंवा नुकसान व्हावं म्हणून किंवा होईल हे माहीत असून, बाहेर दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते कलम "कोणतीही व्यक्ती" म्हणतं, मालकच असं म्हणत नाही. तुझ्यावर ते लागेलच असं नाही, तुला घाबरवायचंही नाहीये, पण सेंडचं बटण तुझ्या लॉगिनवरून तू दाबणार आहेस हे लक्षात ठेव.

आता काकांशी बोलणं. कायद्यापासून सुरुवात करू नकोस. सहा-सात वर्षं ज्या माणसाकडे आपण काम केलं, ज्याने वाईट काळात पगार दिला, त्याच्यासमोर कलमं वाचली की त्याला वाटतं ही पोरगी आपल्याला धमकी देते. सकाळी ऑफिसात गर्दी व्हायच्या आत जा, मित्र समोर नसताना, आणि साधं विचार, "काका, उद्या कोणी फोन करून इचारल्यान, माझो नंबर तुमीच दिलात काय, तर मी काय सांगू?" आणि गप्प बस. त्यांना उत्तर देऊ दे. कारण तो फोन तूच उचलणार आहेस. वाशीला कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवतात म्हणून तर लोक बाजार सोडून थेट काकांकडून पेटी मागवतात, लोकांना जसा पेटीवरच्या नावावर विश्वास आहे तसाच नंबर देताना पण त्यांनी ठेवला, हे काकांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त त्यांनी ते यादीशी जोडून बघितलेलं नाहीये.

आणि नुसतं नाही म्हणू नकोस, हातात दुसरा रस्ता घेऊन जा, म्हणजे काकांना मित्राला तोंड दाखवायला काहीतरी राहील. मित्रांनी एक छोटं पत्रक छापावं, पाहिजे तर तुम्ही ते पेटीत टाकाल, ज्याला प्लॉट बघायचाय तो स्वतः फोन करेल. यादी ऑफिसच्या बाहेर जातच नाही. माझं मत विचारशील तर मी हे पण लगेच करणार नाही, आधी त्या स्कीमचा महारेरा नंबर (सरकारकडे स्कीम नोंदवल्याचा नंबर) मागेन, कारण पेटीतून निघालेल्या कागदाला काकांची शिफारस समजतात लोक. आणि मित्रांना हे पण सांगायला हरकत नाही की न विचारता साध्या मोबाइल नंबरवरून जाहिरातीचे फोन केले आणि लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या तर त्यांचेच नंबर बंद होऊ शकतात, म्हणजे ही यादी घेऊन त्यांचं पण भलं होणार नाहीये.

तरीही काका अडून बसले तर? मग सांग की काका मला मेलवर लिहून द्या, काय पाठवायचं आणि कोणाला. बऱ्याच गोष्टी लिहायची वेळ आली की तिथेच थांबतात. तुझ्या स्वतःच्या मेलवरून किंवा तुझ्या फोनवर फाइल घेऊन काही पाठवू नकोस, आणि रागाने परस्पर काही डिलीट पण करू नकोस, ते वेगळंच प्रकरण होईल. मी पाठवणार नाही एवढं शांतपणे सांगायचा तुला हक्क आहे. त्याने नोकरीत कडवटपणा येऊ शकतो, ते मी लपवत नाही. पण तू जसं काकांबद्दल लिहिलंयस त्यावरून मला वाटतं ते ऐकतील.

पासवर्डचं आता. एक पासवर्ड सगळ्यांना हे चुकीचंच, आणि घाईचं पण तेच आहे, कारण यादी काकांनी दिली नाही तरी तो मुलगा आज रात्री बसून उतरवून घेऊ शकतो. तो तसं करेल असं नाही, पण आता तो दुसऱ्या बागायतदाराकडे आहे, आणि उद्या खरंच काही फुटलं तर संशय बिचाऱ्यावर जाईल, एकच लॉगिन असेल तर कोणी काय केलं ते सिद्धच करता येत नाही. तुमची साइट वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर प्रत्येकाला वेगळा यूजर बनवता येतो. अ‍ॅडमिन फक्त काका आणि तू, ऑर्डरी बघणाऱ्याला शॉप मॅनेजर. पॅकिंगच्या शेडला लॉगिन लागतच नाही, त्यांना ऑर्डर नंबर, किती डझन आणि किती पिकलेलं एवढी छापील शीट पुरते, नाव-नंबर फक्त कुरिअरच्या लेबलवर.

गूगल शीट वापरत असाल (पत्रात नाही लिहिलंस पण ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर पण येतात म्हणजे कुठेतरी शीट असणारच) तर तिचं शेअरिंग उघडून बघ. "लिंक असलेला कोणीही" असं असेल तर लिंक ज्याच्याकडे गेली तो प्रत्येक जण ती उघडू शकतो, पासवर्ड बदललास तरी. गडबडीत कुरिअरवाल्याला, पेट्रोल पंपावरच्या पिकअप पॉइंटला, कोणाकोणाला ती लिंक फॉरवर्ड झालेली असते. ते बंद कर, ज्यांना खरंच लागते त्यांचेच मेल आयडी टाक. आणि गिऱ्हाईकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला असाल तर तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे यादी आधीच वाटून झालीय. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, ते पण एका अर्थी चांगलंच आहे.

एक तू विचारलं नाहीस पण मी सांगणार. बागेत राखणीला आणि तोडणीला जे नेपाळी गडी येतात, पॅकिंगला ज्या गावातल्या बायका येतात, त्यांची कागदपत्रं कुठे आहेत? बहुतेक कोणीतरी आधारचा आणि त्या गड्यांच्या नागरिकता कार्डाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला असतो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानासकट, आणि तो दहा जणांच्या गॅलरीत पडून असतो. गिऱ्हाईक निदान फोन करून भांडेल, त्या बायका काय करणार, त्यांना कळणार पण नाही. मला याचं गिऱ्हाईकांच्या यादीपेक्षा जास्त वाईट वाटतं. मजुरी खात्यात टाकायला खाते नंबर लागतो तो घ्या, ओळखीसाठी मास्क केलेलं आधार चालवून घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते आधारच्या सरकारी साइटवरून डाउनलोड होतं, त्यांना येत नसेल तर तू काढून दे. आणि ग्रुपवरचे फोटो प्रत्येकाला आपापल्या फोनमधून काढायला लाव, तू तुझ्या फोनमधून काढलेस म्हणून बाकीच्यांचे जात नाहीत.

जुन्या ऑर्डरी साफ करायचं काम पावसाळ्यावर ठेव, जूनमध्ये ऑफिस शांत असतं तेव्हा. वूकॉमर्समध्ये अकाउंट्स अँड प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जुन्या ऑर्डरींमधली नावं-पत्ते ठरावीक काळानंतर आपोआप पुसायची सोय आहे. ते लावायच्या आधी तुमच्या सीएंना विचार, कारण बिलांचं रेकॉर्ड ठेवावं लागतं, जीएसटी असेल तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. पण बिलासाठी सूचनांचा रकाना लागत नाही, आणि भेट म्हणून पेटी ज्यांना गेली त्यांचे जुने पत्ते पण लागत नाहीत, ते सगळ्यात आधी काढ. आठ वर्षांपूर्वी ज्या आजोबांना पेटी गेली ते आज हयात नसतील, आणि त्यांच्या घरी त्यांच्या नावाने कोणीतरी प्लॉट विकायला फोन करावा हे कोणावर येऊ नये.

आणि पुढच्या सीझनच्या आधी ऑर्डरच्या फॉर्मखाली चार ओळी टाका, मराठीत टाका, नवीन कायद्यात लोकांना इंग्रजी किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत ते वाचायची सोय द्यायचीच आहे. नाव, नंबर, पत्ता पेटी पोचवायला घेतो, कुरिअरशिवाय कोणाला देत नाही, काढून टाकायचं असेल तर या नंबरवर सांगा. या ओळी काकांकडूनच लिहून घे. त्यांच्या हाताने लिहिलेलं असेल तर पुढचा मित्र यादी मागायला आला की तुला बोलायची वेळ येणार नाही.

पासवर्ड बदलायला बसशील तेव्हा एक आधी बघ. ऑफिसच्या जीमेलला रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल कोणाचा आहे? अकाउंट त्या मुलाने उघडलं असेल तर बहुतेक त्याचाच असेल, आणि तो राहिला तर तू पासवर्ड कितीही वेळा बदललास तरी तो परत मिळवू शकतो. आधी तो काढून काकांचा टाक, मग पासवर्ड बदल, मग टू-स्टेप लाव (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागतात ती), आणि शेवटी अकाउंटमध्ये कुठकुठली डिव्हाइस लॉगिन आहेत ती यादी उघडून ओळखीची नसतील ती साइन आउट कर. वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पण त्याच दिवशी विचार, काकांच्या नावावर नसेल तर मला परत लिही, त्याचं वेगळं सांगावं लागेल.